पाऱ्यानं विझणारं सोनं

माझ्या पीएच.डी.चा विषय कुणी विचारला की मी सांगायचे, सोन्याचे फार बारीक कण करते आणि त्यांच्यावर दिवा मारते. एवढ्यावर बहुतेकांचं समाधान व्हायचं. नातेवाइकांत तर मी सोनं बनवते अशी बातमी पसरली होती, आणि काही काळ माझ्या लग्नाच्या बोलण्यांना त्यामुळे बराच जोर आला होता. प्रयोग खरं तर साधा होता. सोन्याचा क्षार पाण्यात विरघळवायचा, त्यात अंड्याचा पांढरा बलक घालायचा, थोडा कॉस्टिक सोडा टाकायचा आणि कोमट ठेवून सकाळपासून दिवस मावळेपर्यंत ढवळत ठेवायचं. पिवळट पाणी हळूहळू कोऱ्या चहाच्या रंगावर येतं. उजेडात त्यात बघण्यासारखं काही नसतं. पण अंधाऱ्या खोलीत नेऊन त्यावर जांभळा दिवा मारला, नोटा तपासायला वापरतात तसला, की ते पाणी लाल पेटतं. बलकाच्या आत सोन्याच्या थोड्या थोड्या अणूंचे पुंजके अडकून बसलेले असतात, तो उजेड त्यांचा. आणि त्यात पाऱ्याचा अंश पडला की हा उजेड मंदावतो. जितका पारा जास्त, तितका लाल कमी. साताऱ्यातल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी पाच वर्षं एवढंच केलं, आणि ते पुरेसं आहे असं माझ्या मार्गदर्शक सरांचं मत होतं.

आमचं गाव विट्याकडचं. तिथल्या माणसाला गलाई म्हणजे काय हे सांगावं लागत नाही, बाकीच्यांसाठी सांगते. जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं हे काम. आमच्याकडची माणसं या कामासाठी सगळ्या देशभर पांगली आहेत आणि जत्रेला गावात येऊन एकमेकांना परक्या भाषांतल्या शिव्या शिकवतात. आबा, म्हणजे माझे वडील, मिसरूड फुटायच्या आत तमिळनाडूत गेले आणि उमेदीची जवळजवळ सगळी वर्षं सराफांच्या गल्लीतल्या एका खोलीत भट्टीपुढं बसून घालवली. आम्ही गावात, ते तिकडं. मी एम.एस्सी.ला गेले तेव्हा ते कायमचे परत आले. पण स्वस्थ बसणं त्यांना जमेना, म्हणून घरामागं पत्र्याची शेड मारून त्यांनी तिथं लहानशी भट्टी घातली.

आसपासच्या सोनारांच्या दुकानातली झाडलोट पोत्यांतून यायची. ती जाळायची, धुवायची, आणि उरलेल्या काळ्या चोथ्यात पारा घालून हातानं मळायचं. पारा सोन्याचे कण बरोबर उचलतो. मग सगळं फडक्यात बांधून पिळायचं. जादा पारा खाली वाटीत पडतो, तो पुन्हा वापरायला. फडक्यात जो गोळा राहतो तो मुशीत घालून भट्टीवर तापवायचा, म्हणजे पाऱ्याची वाफ होऊन जाते आणि सोनं मागं राहतं. वाफ कुठं जाते हे आमच्या घरात कधी कुणी विचारलं नाही. आई शेडकडं फिरकत नसे, कारण तिला धुरानं ठसका लागायचा. काम संपलं की आबा गुळाचा मोठा खडा तोंडात टाकायचे. गुळानं छाती साफ होते असं त्यांच्या धंद्यातले सगळेच मानतात. मी रसायनशास्त्राच्या दोन पदव्या घेऊन तो गुळाचा डबा त्यांच्या हातात द्यायचे.

माझ्या कामाला लागणारा सोन्याचा क्षार महाग असतो. पहिल्या वर्षी कॉलेजच्या खरेदी समितीनं तो मागवायला इतका वेळ लावला की शेवटी कोटेशनचे कागदच हरवले. मी फोनवर आईजवळ रडगाणं गात होते, ते आबांनी ऐकलं आणि फोन स्वतःकडं घेतला.

"सोन्याचं पाणीच पायजे न्हवं तुला?"

"तसंच काहीतरी, आबा."

"मग त्यात काय एवढं. तेजाबात सोनं इरघळतंय, हे तुझ्या सरास्नी ठावं हाय का?"

पुढच्या रविवारी मी गावी गेले तेव्हा त्यांनी स्वतःजवळच्या चिमूटभर सोन्याचं पिवळंधमक पाणी करून ठेवलं होतं. काचेच्या बाटलीत, बुचावर मेण लावून, टॉवेलात गुंडाळून. ती बाटली मी मांडीवर धरून विट्याहून साताऱ्याला एस.टी.नं आणली. शेजारी बसलेल्या बाईनं विचारलं, तूप आहे का, तर मी हो म्हणाले. सरांनी बाटली उजेडात धरली आणि म्हणाले, "मॅडम, याच्या शुद्धतेचं काय?" मग आम्ही दुसऱ्या एका प्रयोगशाळेतून विकतचा क्षार थोडा उसना आणला, दोन्हींपासून कण बनवले आणि दोन्ही यंत्राला लावले. दोन्हींचा लाल सारखाच निघाला. मी आबांना फोन केला. ते म्हणाले, "शंभर टंच हाय म्हणावं. कागद पायजे आसंल तर कागद बी देतो." त्या दिवशी मला त्यांचा फार अभिमान वाटला होता. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढं मला काही वाटण्याचा भाग कमी आहे.

साधारण तिसऱ्या वर्षापासून आबा बदलायला लागले. आधी चहा बशीत सांडायचा. मग आई कप अर्धाच भरायला लागली आणि त्याबद्दल घरात कुणी काही बोललं नाही. दाढी ते स्वतः करायचे, तेही आरशासमोर ताठ बसून. ती ते न्हाव्याकडं जाऊन करायला लागले. सकाळी दात घासताना हिरड्यांतून रक्त यायचं. हे सगळं एक वेळ वयावर ढकलता आलं असतं, आणि आम्ही ढकललंच. पण ज्या माणसानं परमुलखात सराफांशी त्यांच्याच भाषेत भांडण केलं होतं, तो दारात कुणी आलं की आत जाऊन बसायला लागला. फोन वाजला की आईकडं द्यायचा. गावातल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की वयोमानानं होतं, शिरा नाजूक झाल्यात, आणि ताकदीच्या गोळ्या दिल्या. आम्ही त्या वेळेवर आणल्या आणि वेळेवर दिल्या.

पाऱ्यावर काम करणाऱ्या प्रत्येकाचा लेख एकाच परिच्छेदानं सुरू होतो. पारा विषारी आहे, त्यानं हातांना कंप सुटतो, हिरड्या बिघडतात, विसराळूपणा येतो, माणूस चिडका आणि बुजरा होतो, म्हणून पारा ओळखण्याची सोपी पद्धत हवी. हा परिच्छेद कुणी नव्यानं लिहीत नाही. आधीच्या कुणाचा तरी घेऊन शब्द फिरवतात. मीही तो निदान दहा-बारा वेळा लिहिला असेल. दोन लेखांत, चार अहवालांत, प्रबंधाच्या पहिल्या पानावर. सरांनी त्यातले स्वल्पविराम सुधारले, मी ते सुधारून परत दिले. त्या काळात मी दर पंधरा दिवसांनी घरी जायचे आणि आईनं अर्धा भरलेला कप आबांपुढं ठेवायचे.

प्रबंध सादर झाला. तोंडी परीक्षेची तारीख यायला काही महिने लागतात, तेवढ्यात मी स्लाइडा करत होते. पहिल्या स्लाइडवर टाकायला इंटरनेटवरून एक चित्र घेतलं, माणसाचा पुतळा आणि त्याच्या अवयवांकडं जाणारे बाण. बाणांच्या टोकांना शब्द होते. हाताचा बाण थोडा तिरका होता म्हणून मी तो सरळ करत होते. सरळ करताना त्याच्या टोकाचा शब्द वाचला. मग तोंडाकडच्या बाणाचा वाचला, मग डोक्याकडच्या. दुपारचे तीन वाजले असतील. शेजारच्या टेबलावर एक मुलगी कुठल्या तरी द्रावणाचा हिशोब चुकला म्हणून स्वतःलाच बोल लावत होती. मी बाण सरळ केला आणि फाइल सेव्ह केली.

आपली पद्धत लघवीतही चालते हे दाखवलं तर लेख चांगल्या नियतकालिकात जाईल, असं सरांनी मागंच सांगितलं होतं आणि तसं आम्ही केलंही होतं. आमच्या कामात खरा नमुना ज्याला म्हणतात, तो बहुतेक वेळा स्वच्छ असतो. त्यात पारा नसतोच. मग आपणच मोजून पारा घालायचा आणि आपणच घातलेला बरोबर सापडला म्हणून आकडा छापायचा. यासाठी मी माझीच लघवी वापरली होती. तेव्हा पद्धत हाताशी होती, कोरा नमुना म्हणून मीही होते. फक्त आबांचा नमुना मिळवायचा होता.

तो मी खोटं बोलून मिळवला. साखरेच्या तपासणीला विट्याच्या लॅबमध्ये द्यायची आहे, म्हणून सकाळी दोन बाटल्या मागितल्या.

"दोन कशाला गं?"

"एक साखरेला, एक किडनीला."

"काय काय काढत्यात," म्हणाले आणि दोन्ही भरून दिल्या. झाकणं त्यांना घट्ट लावता आली नाहीत. ती मी लावली. एक बाटली खरंच लॅबमध्ये दिली. साखर ठीक निघाली.

दुसरी जेवणाच्या डब्याच्या पिशवीतून साताऱ्याला गेली. प्रयोगशाळेच्या मागं एक अडगळीची खोली आहे, तिथं खिडकीला काळा कागद लावून आम्ही अंधार केला होता. नमुन्यावर करायच्या सगळ्या प्रक्रिया मी दोन दिवस नीट केल्या. मग दोन कुप्या शेजारी शेजारी ठेवल्या, डावीकडं माझी, उजवीकडं आबांची, आणि दोन्हींत लाल पेटणारं ते सोन्याच्या कणांचं पाणी सारखंच घालून थोडा वेळ थांबले. दिवा लावला. माझी कुपी लाल पेटली. आबांची विझत आलेल्या चुलीइतकीच लाल होती.

मला काही वाटलं नाही. हे लिहायला लाज वाटते, पण तसंच झालं. मी यंत्रावर आकडे घेतले, वहीत लिहिले, कुप्या तीन-तीन वेळा धुतल्या. कॅन्टीनमध्ये जाऊन मिसळ खाल्ली आणि ती चांगली होती हेही मला आठवतं. रडू येईल म्हणून मी वसतिगृहाच्या खोलीत दार लावून बसले. आलं नाही, तेव्हा कपडे धुवायला टाकले.

दुसऱ्या दिवसापासून मी माझ्याच पद्धतीत खोट काढायला बसले. पाच वर्षं जो कुणी शंका घेईल त्याच्याशी मी हिरिरीनं भांडले होते. आता मी स्वतःच सगळ्यात खवट परीक्षक झाले. लघवीचा रंग गडद असेल म्हणून उजेड अडला असेल. मी पाणी घालून रंग फिका केला, तरी तेच. तांब्यानंही हा लाल थोडा विझतो आणि आबांच्या कामात तांबं असतंच. मी तांब्याला बांधून ठेवणारं औषध घातलं. तांबं असतं तर उजेड परत यायला हवा होता. आला नाही. तीनदा केलं, तीनदा तसंच. चांगलं काम केलं की असं होतं, ते आपलंसुद्धा ऐकत नाही.

सरांना सांगितलं नाही. आईलाही नाही. दुसऱ्या आठवड्यात परीक्षेची तारीख आली, दिवाळीनंतरची. दिवाळीला घरी गेल्यावर मी आबांना एवढंच म्हणाले, "आबा, हाताचं एकदा मिरजेला मोठ्या डॉक्टरांना दाखवून येऊ."

"जाऊ की. तुझं ते परीक्षेचं होऊ दे आधी. दोन-दोन घोर कशाला लावून घेतीस?"

मी बरं म्हणाले. मी फार सहज बरं म्हणाले. काय दिसलं ते सांगितलं असतं तर ते दुसऱ्या दिवशी गाडीत बसले असते, हे मला पक्कं माहीत होतं. पण मग घरात रडारड झाली असती, दवाखाने सुरू झाले असते, आणि मला माझी परीक्षा शांतपणे द्यायची होती. याहून मोठं कारण शोधायचा मी बराच प्रयत्न केला आहे. कारण एवढंच आहे.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी एका सोनाराकडून पोतं आलं. आबांनी भट्टी पेटवली. मी त्यांना तोंडाला लावायचा मास्क दिला, तो त्यांनी दोन मिनिटं लावला आणि गुदमरतंय म्हणून खिळ्याला अडकवला. मी मागच्या पायरीवर चिवड्याची वाटी घेऊन बसले होते आणि लॅपटॉपवर स्लाइडा वाचत होते. त्यांची बोटं चोथा मळताना थरथरत नव्हती, जोर लागला की ती स्थिर व्हायची. चार दिवसांनी पुन्हा एक पोतं आलं. तेव्हाही मी घरातच होते.

परीक्षेला आबा आले. आई म्हशीमुळं आली नाही. इस्त्रीचा पांढरा सदरा, नवी टोपी, आणि हातात सरांसाठी गावच्या गुळाची ढेप. विभागाच्या हॉलमध्ये ते शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसले आणि हात मांडीखाली ठेवले. कुणी ओळख करून घ्यायला गेलं की अर्धवट उठायचे आणि परत बसायचे. बाहेरून आलेले परीक्षक सज्जन होते. अर्धा तास इंग्रजीत प्रश्न झाले, मी इंग्रजीत उत्तरं दिली. सगळं छान चाललं होतं. शेवटी त्यांनी पेन खाली ठेवलं आणि मराठीत म्हणाले, "ते मागं बसलेत ते वडील ना? तुम्ही आभारात लिहिलंय, पहिलं सोनं त्यांनी करून दिलं म्हणून. मग त्यांना कळेल असं सांगा बघू, तुम्ही काय शोधलंत."

हॉलमधले सगळे हसून मागं वळले. आबा सावरून बसले.

मी सांगितलं. आबांनी करून दिलेल्या सोन्यापासून असा लाल उजेड मिळतो. पाण्यात किंवा माणसाच्या लघवीत पारा असेल तर तो विझतो. ज्याच्या अंगात पारा भिनलाय त्याचे हात कापतात, हिरड्यांतून रक्त येतं, माणूस बुजतो. ते असं तपासता येतं. मी सरळ स्लाइडकडं बघून बोलत होते.

"आणि भरवसा किती?" परीक्षकांनी विचारलं. "उजेड विझला म्हणजे पाराच, असं छातीठोक सांगाल?"

मी हो म्हणाले. तांब्याचं वेगळं कसं काढलं तेही सांगितलं. ते म्हणाले, अभिनंदन, डॉक्टर. टाळ्या झाल्या.

नंतर सगळे कचोरी आणि चहाकडं वळले. आबा बाहेर व्हरांड्यात कठड्याशी उभे होते. मी त्यांच्यासाठी बशीत कचोरी घेऊन गेले. त्यांचा चेहरा उजळलेला होता, बऱ्याच दिवसांनी.

"लय भारी बोललीस. समदं कळलं मला," ते म्हणाले. मग आवाज जरा खाली घेतला. "मग माझं बी एकदा बघ की त्या दिव्याखाली. हाताचं कशानं झालंय ते तरी कळंल."

मी म्हणाले, "बघितलंय, आबा."

काय निघालं ते त्यांनी विचारलं नाही. त्यांना मराठीत नुकतंच सांगून झालं होतं.

"कवा?"

"दोन महिने झाले."

त्यांनी मान हलवली, हिशोब लागल्यासारखी. "म्हंजी दिवाळीत मी भट्टी लावली, तवा तुला ठावं हुतं."

"हो."

"दोनी डाव?"

"दोन्ही वेळा."

त्यांनी माझ्या हातातली बशी घेतली, कठड्यावर ठेवली आणि म्हणाले, "जा, आत सर वाट बघत असतील."